आमच्या ताइचीनं भीती वाढवली

मन नेमकं कुठं असतं, यावरून आमच्या पहिल्याच बैठकीत भांडण झालं. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, कवटीत, आणखी कुठं असणार! मानसशास्त्राच्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, इतकं सोपं असतं तर मी आयुष्यभर वर्गात काय भजी तळली? आयटीतला इंजिनिअर म्हणाला, मन म्हणजे बेसिकली सॉफ्टवेअर. त्यावर दोघंही एकदमच त्याच्यावर घसरले, आणि त्या दिवशी एकमत झालं ते तेवढंच. मी फिजिओथेरपिस्ट. माझा संबंध गुडघ्यांशी आणि पाठीशी. मी म्हणाले, "मन असेल तिथं सुखी असो. म्हातारी माणसं पडतात ती पायांमुळे. आपण पायांपासून सुरुवात करायची का? आणि चहा प्या, गार होतोय."

नव्या शतकाची तारीख संगणकांना पचेल की नाही, ही धास्ती नुकती ओसरली होती तेव्हाची ही गोष्ट. पुण्यात तेव्हा ज्याच्या त्याच्या घरातलं कुणी ना कुणी कंपनीच्या कामाला परदेशात, म्हणजे ऑनसाइट, जाऊन येत होतं. येताना लोक चॉकलेटं आणायचे, परफ्यूम आणायचे. आमच्या इंजिनिअरनं ताइची आणलं. तिकडं तो ज्या भागात राहायचा तिथल्या बागेत एक चिनी आजोबा दर रविवारी हा व्यायाम करायचे, त्यांच्याकडं पाहून पाहून आणि मग रीतसर त्यांच्या मागं उभं राहून तो शिकला. सगळं अगदी सावकाश. या पायावरचा भार त्या पायावर न्यायचा, हात हवेतून फिरवायचे, श्वासाकडं लक्ष ठेवायचं. इकडं आल्यावर संगणकापुढं बसून पाठ धरली म्हणून तो माझ्याकडं उपचाराला आला, आणि पाठ सुटायच्या आत त्यानं मलाच धरलं. म्हाताऱ्या माणसांचा तोल ताइचीनं सुधारतो, असं परदेशातले लोक तपासून बघताहेत म्हणे. मग आपणही शास्त्रीय पद्धतीनं तपासू. मेंदूचे डॉक्टर माझ्या ओळखीचे, प्राध्यापकबाई डॉक्टरांच्या ओळखीच्या. अशी आमची चौघांची मोट बांधली गेली.

आम्हांला दोन गोष्टी बघायच्या होत्या. एक, ताइची शिकल्यावर उभं राहताना माणूस कमी डुलतो का. दुसरी, त्याची पडण्याची भीती कमी होते का. ही दुसरी गोष्ट लोकांना किरकोळ वाटते. ती मुळीच किरकोळ नाही. माणूस पडतो एकदा, हाड जुळतं, प्लास्टर निघतं. पण भीती बसली की तो घराबाहेर पडत नाही. बाहेर पडत नाही म्हणून पायांतली ताकद जाते, आणि ताकद गेली की खरंच पडतो. हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. ते माझ्या घरात, बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून पेपर वाचत होतं.

म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आई जाऊन काही वर्षं झाली होती, मी लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते, सातारा रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. रोज सकाळी आंघोळ, वंदना, मग कापडी पिशवी घेऊन बसनं स्वारगेट आणि तिथून पायी मंडई, हा त्यांचा नेम. भाजी हे निमित्त. मंडईत त्यांची भांडणं ठरलेली असायची, कोथिंबिरीवाल्याशी वेगळं आणि लिंबूवालीशी वेगळं, आणि ती करून आले की दिवसभर खुशीत असायचे. एका सकाळी स्वारगेटचा चौक ओलांडताना भर रस्त्यात त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला आणि ते आडवे झाले. मनगट मोडलं. ते जुळलं, झकास जुळलं, मीच व्यायाम दिले होते. पण अण्णा मंडईला गेले नाहीत.

रोज नवीन कारण. आज ऊन आहे. आज आभाळ आहे. आज सोमवार, भाजी शिळी असेल. "मंडईत आता पूर्वीचा दम राहिला नाही," असं एकदा मला गंभीरपणे सांगितलं. सोसायटीच्या दारात येणाऱ्या ज्या हातगाडीवाल्याला ते इतकी वर्षं दरोडेखोर म्हणत आले, त्याच्याकडून वांगी यायला लागली. मी विचारलं, "अण्णा, भीती वाटते का?" तर म्हणाले, "भीती? मला? धरणाच्या भिंतीवर उभा राहून मोजमापं घेतलीत मी. डॉक्टरीणबाई, तुम्ही तुमचे गुडघे सांभाळा." आणि पेपर वर केला.

माझा जीव तुटत होता, दुसरं काय. खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून पुन्हा न उठणारी माणसं मी धंद्यात रोज बघत होते. संशोधन, निबंध, परिषदा हे सगळं डॉक्टरांना लखलाभ असो. मला त्या सगळ्या खटाटोपातून एकच गोष्ट हवी होती, अण्णा पुन्हा एकटे घराबाहेर पडायला हवे होते.

डॉक्टरांनी आधी खोडा घातला. घरचा माणूस अभ्यासात घ्यायचा नाही म्हणाले. बरीच हुज्जत घातल्यावर ठरलं की अण्णा ताइचीच्या गटात जातील की दुसऱ्या गटात हे चिठ्ठी ठरवेल, त्यांचं मोजमाप इंजिनिअर करेल, त्यांना प्रश्न प्राध्यापकबाई विचारतील, आणि मी मध्ये नाक खुपसणार नाही. शेवटची अट डॉक्टरांनी दोनदा म्हणून दाखवली.

जागा मिळाली ती एका मंगल कार्यालयात. मालकांच्या सासूबाई माझ्याकडं उपचाराला यायच्या, म्हणून लग्न नसेल त्या सकाळी हॉल आमचा. मोजमापाचं यंत्र वधूपक्षाच्या खोलीत, प्रश्न विचारायचे वरपक्षाच्या खोलीत, मध्ये प्लायवूडची भिंत. यंत्र इंजिनिअरनं स्वतः बनवलं होतं. जुने वजनकाटे फोडून एक फळी केली होती, तिच्यातून वायरी संगणकात गेलेल्या. फळीवर माणूस स्थिर उभा राहिला की त्याचं डुलणं पडद्यावर रेघोट्यांत उमटायचं. लग्नसराई आली की आमचं शास्त्र बंद पडायचं. मुहूर्तांमुळे वर्ग झाले नाहीत हे शोधनिबंधात कसं लिहायचं, या चिंतेनं डॉक्टर हैराण झाले. प्राध्यापकबाई म्हणाल्या, "लिहा की, ग्रहयोगांमुळे खंड पडला."

वाचनालयांत आणि सोसायट्यांच्या फळ्यांवर सूचना लावल्या होत्या. त्या वाचून ज्येष्ठ मंडळी आली. आली ती व्यायामाला नव्हे, आम्हांला तपासायला. हे फुकट का? यात तुमचा फायदा काय? चिनी माल टिकतो का? एकांनी डॉक्टरांना त्यांची पदवी विचारली आणि उत्तर ऐकून "बरं, बरं, चालेल" म्हणाले. चिठ्ठ्या टाकल्या. अर्धे ताइचीला, अर्धे अंगणात भरभर चालायला. चालणाऱ्या गटाला तो अपमान वाटला. "चालायला आम्ही वयाच्या पहिल्या वर्षीच शिकलो, त्याला इथं कशाला यायचं?" अण्णांची चिठ्ठी ताइचीची निघाली. "आयुष्यात एकदा लॉटरी लागली, तीही चिनी," म्हणाले.

मग प्रश्नांची पहिली फेरी. आंघोळ करताना पडण्याची भीती वाटते का? जिना उतरताना? रस्ता ओलांडताना? अजिबात नाही, थोडी, बरीच की खूप? एवढंच विचारायचं आणि उत्तरावर खूण करायची. मी पलीकडं वधूपक्षात लोकांना फळीवर उभं करत होते, आणि प्लायवूडमधून सगळं ऐकू येत होतं.

बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या, "मी पडत नाही."

"पडण्याचं नाही हो, भीतीचं विचारतेय."

"पडतच नाही तर भीती कशाची? तुमचा प्रश्न चुकलाय."

एक गृहस्थ काठी टेकत आले. भीती अजिबात नाही म्हणाले. प्राध्यापकबाईंनी हळूच विचारलं, मग काठी? "कुत्र्यांसाठी." आणखी एकांनी सांगितलं की आमच्या पेठेत पडण्याची भीती नसते, कारण गर्दीत पडायला जागाच नसते. आणि मग अण्णांचा आवाज आला, "अजिबात नाही. पुढचा."

"अहो, अजून मी पहिलाच प्रश्न विचारला नाही."

"सगळ्यांचं उत्तर तेच आहे. वेळ वाचेल तुमचा."

फेरी संपली तेव्हा प्राध्यापकबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. दोन्ही गट मिळून अख्ख्या कार्यालयात भित्रा माणूस औषधालाही सापडला नव्हता. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, धीराची माणसं मिळाली आपल्याला. इंजिनिअर तेवढा पुटपुटला, "सर, पण आत्ताच शून्य आहे, तर यातून अजून कमी काय होणार?" त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. तो सॉफ्टवेअर म्हणाला होता ते अजून कुणी विसरलं नव्हतं.

वर्ग मात्र रंगले. ताइचीतल्या हालचालींना मोठी काव्यमय नावं असतात, ढगांसारखे हात, समुद्राच्या तळाची सुई, वानराला परतवणं. आमच्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात ती निकालात काढली. ढगांसारखे हातचं झालं बसची काच पुसणं. सुई म्हणजे टाकीत पाणी किती उरलंय ते वाकून बघणं. आणि वानराला परतवत मागं मागं जायचं, त्याला नाव पडलं भाडेकरू हाकलणं. "चला, आज भाडेकरू नीट हाकलले जात नाहीयेत, पुन्हा एकदा!" असं इंजिनिअर स्वतःच ओरडायला लागला. तो बिचारा मन शांत करा, मन शांत करा सांगायचा, आणि त्याच्या खिशातला मोबाइल थरथरायचा. मग हॉलच्या कोपऱ्यात जाऊन तो कुणाला तरी इंग्रजीत डेडलाइन सांगायचा आणि परत येऊन पुन्हा म्हणायचा, "हं, श्वास सोडा." कंपनीची बस चुकली की रिक्षानं हिंजवडी गाठायचा, तेव्हाचा त्याचा चेहरा बघून आम्हीच त्याला श्वास सोडायला सांगायचो.

अण्णांचं आणि त्याचं एकदा वाजलं. अण्णा म्हणाले, "हे आपलंच आहे. आपले भिक्खू तिकडं गेले, त्यांनी नेलं. तुम्ही विमानाचं भाडं भरून परत आणलंत."

"नाही अण्णा, हे ताओ आहे. बुद्धिझम वेगळा. टोटली वेगळी ट्रॅडिशन."

"असेल. पण श्वासाकडं लक्ष द्या, हे आधी कुणी सांगितलं?"

त्यानं खिशातला मोबाइल काढून बघितला.

"मग? पार्सल आपलंच आहे, पत्ता बदलून आलंय." आणि त्या दिवसापासून अण्णा मालकाच्या थाटात ताइची करायला लागले.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं घोडं अडलं. मान सरळ, नजर समोर. पडल्यापासून अण्णांची नजर सारखी जमिनीवर असायची, पुढचं पाऊल कुठं पडतंय ते बघत. इंजिनिअर येऊन हलकेच हनुवटी वर करायचा, वळला की ती पुन्हा खाली. अण्णा चिडायचे. ते का चिडतात ते मला माहीत होतं. माझे आजोबा गावात खाली मान घालून चालायचे, समोरून कुणी आलं की कडेला व्हायचे, चालायची तीच रीत होती. मग आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला. अण्णा तेव्हा लहान होते. आजोबांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता मान वर करून चालायचं, पोरा. आन् भ्यालो असं कुणाला कळू द्यायचं न्हाई." अण्णांनी ते जन्मभर पाळलं. शाळेत, खात्यात, साहेबासमोर, आई गेली तेव्हा दवाखान्यात. भीती हा शब्द त्यांच्या तोंडात कधी आलाच नाही. आणि आता एका तुटक्या चपलेनं त्यांची मान खाली घातली होती, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती. मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

महिने गेले. अण्णांच्या रेघोट्या पडद्यावर आखडत आल्या असं इंजिनिअर मला गुपचूप सांगून गेला, डॉक्टरांनी बंदी घातली असतानाही. अण्णांनी मान उचलली. घरात गॅसपुढं एका पायावर उभे राहून दूध उतू जातंय का ते बघायचे. पण मंडई? नाव काढत नव्हते. कार्यालयात यायचे तेही माझ्याबरोबर, रिक्षातून, दारापासून दारापर्यंत. एका रविवारी माझा संयम संपला.

"एका पायावर बगळ्यासारखे उभे राहता, आणि मंडईत जायला दोन पाय पुरत नाहीत?"

"मंडईत बगळ्यांना काम नसतं."

"अण्णा, भीती वाटते म्हणा ना सरळ! जगात कुणाला वाटत नाही का?"

त्यांनी टीव्ही बंद केला आणि आत निघून गेले. दिवसभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी भांडी आपटली. त्यांनी कपाटाची दारं आपटली. संध्याकाळी चहा त्यांनी केला, पण कप माझ्यापुढं ठेवला तो असा, की जणू नोटीस बजावताहेत.

वर्ग संपल्यावर मंडळी चहा प्यायला थांबायची. त्या गप्पांचा रंग हळूहळू बदलत होता, ते माझ्या कानावर पडत होतं पण डोक्यात शिरत नव्हतं. ताइची करताना सगळेच डगमगतात. सावकाश पाय उचलायचा म्हटलं की बँकेतल्या बाईही हेलपाटतात आणि काठीवालेही. रोज एकमेकांसमोर असं झोकांड्या खाल्ल्यावर कुणाचा रुबाब टिकणार? बँकेतल्या बाई एकदा म्हणाल्या, "मी मागं बाथरूममध्ये पडले होते. घरात सांगितलंच नाही." दुसऱ्या म्हणाल्या, "अगंबाई, मीपण!" मग काठीवाल्यांनी जिन्यातली हकिगत सांगितली, मग आणखी कुणी तरी. पडण्याच्या कहाण्यांचा फडच जमायला लागला. अण्णा बशीत चहा ओतून ऐकत असायचे. चालणारा गट तिकडं अंगणात एकमेकांना मागं टाकत शर्यती लावत होता, त्यांना गप्पांना वेळ नव्हता.

शेवटी प्रश्नांची दुसरी फेरी आली. तेच प्रश्न, तीच खोली, तेच प्लायवूड. मी एका आजोबांना फळीवर उभं केलं होतं. पलीकडं बँकेतल्या बाई सांगत होत्या, "भीती? वाटते हो. आंघोळीच्या वेळी तर फारच. नळ धरून उभी असते." त्यांच्यामागून काठीवाले गेले. प्राध्यापकबाईंनी विचारायच्या आधीच म्हणाले, "काठी कुत्र्यांसाठी नाही." मी चक्रावले. एकामागून एक, ताइचीच्या गटातला जो तो घाबरलेला निघत होता. आणि मग अण्णा आत गेले.

"रस्ता ओलांडताना?"

पलीकडं खुर्ची करकरली.

"वाटते," अण्णा म्हणाले.

"थोडी की..."

"खूप. खूपवर खूण करा." आणि मग थांबून, "माझ्या मुलीला सांगू नका. अर्थात ती पलीकडंच आहे आणि हे प्लायवूड आहे, तेव्हा तिनं ऐकलंच असेल."

मी संगणकाकडं तोंड करून उभी राहिले. फळीवरचे आजोबा म्हणाले, "मॅडम, मी उतरू का? का अजून डुलायचंय?"

त्याच संध्याकाळी निकालाच्या बैठकीत इंजिनिअरनं पडद्यावर दोन आलेख लावले आणि स्वतःच डोकं खाजवत बसला. चालणाऱ्या गटाचं डुलणं होतं तसंच होतं आणि भीती शून्य होती ती शून्यच राहिली होती. ताइचीच्या गटाचं डुलणं मस्त कमी झालं होतं आणि भीती आभाळाला भिडली होती. म्हणजे आमच्या अभ्यासाचा निष्कर्ष काय, तर ताइची शिकल्यानं माणसाचा तोल सुधारतो आणि माणूस घाबरट होतो!

डॉक्टर भडकले. हे प्रश्न फेकून द्या म्हणाले. प्राध्यापकबाई म्हणाल्या, तुमचे वजनकाटे आधी फेका. इंजिनिअर म्हणाला, बग असेल, मी रात्रीत फिक्स करतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, यंत्र बरोबर आहे आणि प्रश्नही बरोबर आहेत! पहिल्या फेरीत सगळी थापा मारत होती. आत्ता खरं बोलली, एवढंच झालंय."

"थापा मारत होती याला पुरावा काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पुणं," मी म्हणाले.

"ते संदर्भसूचीत कसं घालू?"

प्राध्यापकबाई मात्र खुर्चीत सरळ झाल्या. आलेखाकडं बोट करून म्हणाल्या, "म्हणजे आपण भीती मोजायला निघालो आणि भीती कबूल करायची हिंमत मोजून बसलो." डॉक्टर म्हणाले, हिंमत मोजायचं आपलं ठरलं नव्हतं. मग पुन्हा जुंपली, चहा आला, तो गार झाला, आणि या विषयावर अधिक अभ्यासाची गरज आहे या वाक्यावर अखेर चौघांच्याही सह्या झाल्या.

मी तिथं तावातावानं भांडले खरी, पण घरी येताना सगळा ताव ओसरला होता. कानात ते 'खूप' वाजत होतं. इतके दिवस अण्णा नाही नाही म्हणत होते, तोवर मला वाटायचं, निदान एखाद्या दिवशी ईर्ष्येनं तरी निघतील. आता तोही आधार गेला. माणसानं एकदा स्वतःच कबूल केलं की संपलं, आता हे खुर्चीतून उठत नाहीत, असं मी मनाशी धरून चालले. घरी अण्णा नेहमीसारखेच होते. प्लायवूडचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. आमटी चांगली झालीय एवढं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशिरा उठले, आंघोळ करून बाहेर आले तर घर रिकामं. बाल्कनीत खुर्ची मोकळी. दारातल्या चपला नाहीत, दारामागची पिशवी नाही. अण्णांकडं मोबाइल नव्हता. ओले केस तसेच बांधून खाली धावले. वॉचमन म्हणाला, "सायेब व्हय? गेले की बसनं. उजाडताच. म्या म्हनलं रिक्षा बोलवू का, तर नगं म्हनले." मी रिक्षा केली, स्वारगेटला आले, चौकाच्या चारी बाजूंनी बघितलं. बस, टेम्पो, सहा आसनी रिक्षा, नुसता धुरळा, आणि त्यात अण्णा कुठंच नाहीत. मंडईत शिरले, कोथिंबिरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "येऊन भांडून गेले की. सकाळी सकाळी डोकं खाल्लं माझं," आणि इतकं हसला की मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण मंडईपर्यंत पोहोचले म्हणून काय झालं, परत चौक ओलांडायचाच होता. मी तशीच उलट पावली घरी आले.

अण्णा स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मेथी निवडत होते.

मी फुटलेच. "सांगून जायला काय झालं होतं? माझा जीव जायची वेळ आली! चौक कसा ओलांडलात?"

"आधी पाणी पी."

"अण्णा, चौक कसा ओलांडलात?"

"कडेला उभा राहिलो," ते म्हणाले. "भीती वाटत होती. ती वाटतेच, काल सांगितलंय त्या बाईंना. बराच वेळ उभा होतो. शेजारी एक मुलगी होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पाठीवर ही मोठी सॅक. तिला म्हटलं, बाळ, मला रस्ता ओलांडायची भीती वाटते. हात देतेस का?"

मी खाली बसले. माझे अण्णा, एका अनोळखी पोरीला, भर चौकात, हे वाक्य म्हणाले होते.

"मग?"

"मग काय. मला म्हणाली, आजोबा, बरं झालं तुम्ही विचारलंत, मी केव्हाची इथं उभी आहे, माझी बस पलीकडं आहे आणि मला जाताच येईना. नांदेडहून आलीय, नवी नोकरी आहे. हात गार पडला होता तिचा. घट्ट धरला आणि निघालो दोघं."

"कुणी कुणाला नेलं मग?"

"ते काही कळलं नाही," अण्णा म्हणाले. "पलीकडं पोचलो, एवढं खरं. ती रडायलाच लागली होती, मग हसली. तिची बसही मिळाली."

"आणि येताना?"

"येताना दुसऱ्या एकाला विचारलं. उंचापुरा होता, मिशाबिशा. त्याला काही अवघड वाटलं नाही." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "इतकी वर्षं मला वाटायचं, असं कुणाला म्हटलं की माणूस संपतो. कुणी काही म्हणत नाही गं. हात देतात."

मी जुडी ओढून घेतली आणि खाली मान घालून पानं खुडायला लागले, डोळ्यांतलं पाणी मेथीवर पडत होतं आणि अण्णांना ते दिसत होतं. निवडून झालेली मेथी त्यांनी रोळीत भरली, हात झटकले आणि उठले.

"उद्या काय आणू?" त्यांनी विचारलं.